वर्गोन्नत
सातवीचं वर्ष मोबाइलवरच संपलं आणि परीक्षेविना सगळे आठवीत गेले. शाळा बंद, म्हणून आगाशे सर प्रगतिपुस्तक द्यायला धायरीत उत्कर्षाच्या घरी आले. घरातला एकुलता एक फोन वडील कामावर नेत. पोर मोजक्याच तासांना दिसली होती. ‘वर्गोन्नत’ शिक्का वाचून तिने पुस्तक परत केलं. “सर, मला नापास करा ना.” “अगं, लोक पास व्हायला नवस बोलतात!” “पण मला सातवीचं काहीच येत नाही.” सरांचं हसू मास्कमध्येच विरलं. “रोज संध्याकाळी माझ्याकडे ये. पहिल्या धड्यापासून शिकू.” “उद्या आम्ही कायमचे वाशीमला चाललो, सर. तिथल्या बाईंना मला सांगवणार नाही. तुम्हीच लिहून द्या.” सरांनी पायरीवर बसून पेन उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘हिला सातवी शिकवायची माझ्याकडून राहिली आहे,’ आणि सही केली.