पाण्यासारखा पालापा

“वहिनी, बास कर. एवढ्या मिरच्यांनी माणूस मरायचा,” मोनेरा म्हणाली.

रोकायाने नणंदेचं ऐकून घेतलं आणि उखळात आणखी एक मूठ टाकली. साकुराब नावाच्या पातीचे पांढरे कांदे आणि आलं आधीच चेचून झालं होतं. बारीक लाल मिरच्यांवर मुसळ पडलं तशा दोघी शिंकायला लागल्या.

“मेले तर मरू देत,” रोकाया नाक पुसत म्हणाली. “पुन्हा पाणी तर म्हणणार नाहीत.”

लानाव तळ्याकाठच्या त्या गावात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. रोकायाच्या थोरल्याचं लग्न होतं. तिचे लांबचे चुलत दीर हाजी अमेरोल जेवायला बसले, पुढ्यातल्या पालाप्याला, म्हणजे मिरचीच्या जहाल चटणीला, बोट लावलं, चाखलं, आणि म्हणाले, “हे पाणी कुणाला वाढलंय?” एवढं बोलून ते भरल्या ताटावरून उठले. त्यांच्यामागोमाग त्यांचं सगळं घर उठलं. तेही कुणाच्या पालाप्यावरून, तर रोकायाच्या. आजूबाजूच्या गावांतल्या बायका लग्नकार्याला तिलाच बोलावणं धाडायच्या, आणि ती दहादा नाही म्हणून मग जायची.

खरं तर त्या दिवशी तिने हाजींची काळजीच घेतली होती. ते पोटाच्या मोठ्या दुखण्यातून नुकते उठलेले. इलिगानहून आलेल्या शहरी पाहुण्यांसाठी तिने बेताच्या मिरचीचा पालापा केला होता. त्यातलाच एक वाडगा तिने मुद्दाम हाजींच्या पुढ्यात ठेवला होता. भलेपणाचं हे फळ मिळालं. इथला माणूस भातावाचून राहील, पण मरातबावाचून राहायचा नाही. तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नव्हता.

आणि नेमका त्याच घरातल्या जलीलवर रोकायाच्या लेकीचा, नोराइदाचा, जीव जडला. गावातली वडीलधारी मंडळी मध्ये पडली. दोन्ही घरांनी आज एकत्र जेवायचं. जेवण नीट पार पडलं तर लग्नाचं बोलायचं. कुणी ताटावरून उठलं, तर विषय कायमचा संपला.

“आई, तुझा मरातब सांभाळ,” नोराइदा दारातून म्हणाली, “पण माझं लग्न त्याच्यात वाटू नकोस.”

“तू पिवळा भात बघ,” रोकाया म्हणाली. तिने भाजलेलं खोबरं मिसळलं, तेलात पालापा परतला. घरभर ठसका उठला. तिला फार बरं वाटलं.

चटया पसरल्या. ओल्या नारळातली कोंबडी आली, भात आला, आणि प्रत्येकाच्या हाताशी पालाप्याचा वाडगा आला. हाजींच्या पुढ्यातला वाडगा रोकायाने स्वतः ठेवला, आणि ती तिथेच उभी राहिली.

हाजींनी भातात पालापा कालवला. मोठा घास घेतला. आधी त्यांचे कान लाल झाले, मग टक्कल. डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारी त्यांचे दोन्ही मुलगे खोकून बेजार झाले. मोनेराने घाईघाईने तांब्या पुढे केला. दारात नोराइदाने डोळे मिटून घेतले.

मागा, रोकाया मनात म्हणत होती. मागा पाणी.

हाजींनी तांब्या बाजूला सारला. “पाणी परक्यांना द्या,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि वाडगा आणखी जवळ ओढला.

त्यांची बायको, बाई तारहाता, हसत होती आणि नाक पुसत होती. “रोकाया, यांनी किती मनाला लावून घेतलं होतं, तुला कल्पना नाही. त्या लग्नाहून आले ते पोरासारखे रडले. म्हणाले, शहरातल्या पाहुण्यांना वाढला तोच वाडगा माझ्याही पुढ्यात. चुलत घराने मला परकं केलं.”

हाजींनी मान वर केली नाही. “आज घरचं वाढलंस,” ते भाताकडे बघत म्हणाले. “माझ्या आईचा पालापा असाच असायचा.”

मोनेरा वहिनीकडे बघत राहिली. उखळात मिरच्या कशासाठी पडल्या, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

खरं काय ते रोकायाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं. कुठल्याही मिरचीपेक्षा ते तिखट होतं. मग तिने मान ताठ केली.

“घरच्यांना काय पाणी वाढू, हाजी?” ती म्हणाली, आणि ओढणीने डोळे टिपताना सगळा दोष मिरचीवर टाकून मोकळी झाली.