राणीच्या कमरेची पिन

चांदवडजवळच्या एका गावी यात्रेत राजेशाही नाटक होतं. एक राणी, तिच्यावर जीव टाकणारे सेनापती आणि प्रधान, आणि गादीसाठी चाललेली कारस्थानं. राणीच्या कामाला ज्योत्स्ना नाशिकहून ठरवून आणलेली. गावोगावच्या हौशी प्रियकरांचा तिला पुरेपूर अनुभव होता. मिठी कुणी जास्तच लांबवली की टोचायला म्हणून ती कमरेला सेफ्टी पिन लावूनच स्टेजवर जायची.

पण आज नवलच झालं. शयनगृहाच्या प्रवेशात सेनापती चार हात लांब उभा राहून, हात जोडून म्हणाला, "राणीसाहेब, ही देहाची आग आता सोसवत नाही." प्रधानाच्या तोंडून तर "प्रिये"ऐवजी "ताई" निघालं. पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. ज्योत्स्नाने समोर पाहिलं. पहिल्याच रांगेत दोघांच्या बायका पदर खोचून बसलेल्या.

एवढ्यात सेनापतीची बायको नवसाबाई उठली. आता चप्पल येणार, म्हणून ज्योत्स्ना मागे सरकली.

"आवो, खांबावानी काय उभे? धरा की तिला!"

लगेच प्रधानाची बायको ओरडली, "तुमी काय बघत बसले? व्हा की म्होरं!"

दोन्हीकडून प्रियकर धावले. एका हाताने पिन शोधत ज्योत्स्नाने नवसाबाईलाच विचारलं, "बाई, तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना! पण मतदान तोंडावर आलंय, वॉर्डात बाईची शीट हाय, आन् उभ्या आमी दोघीच. भित्र्याच्या बायकोला कोण शिक्का मारील?"