राखण

"कासवाच्या अंड्यांसाठी घरदार सोडून वाळूत येऊन बसलात!" डबा आपटत बायको म्हणाली. "माझ्या बाळंतपणात एक दिवस तरी घरी थांबला होतात का?"

"हळू बोल गं," नावाडी म्हणाला. "आत पिल्लं आहेत."

त्याची नजर लाल झेंड्यावरून हलत नव्हती. झेंड्याखाली जाळी, जाळीखाली अंडी. नदीत या जातीची एकच मादी उरली होती, तीही अंडी घालून गेल्यावर कुणाच्या तरी जाळ्यात गुदमरून मेली. आता जे काय होतं ते या वाळूत. अंडीचोरांचा सुळसुळाट होता. संशोधक बाईंनी सगळ्यांदेखत जाळी ठोकली आणि राखण त्याच्यावर सोपवली. "मी सारखी आले तर लोक माझा माग काढतील," म्हणाल्या आणि शहरात निघून गेल्या.

नावाड्यानं जिवाचं रान केलं. कोल्हीकुत्री हाकलली. अंड्यांना आच लागली तर सगळं संपलं, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून जवळपास कुणी विडी पेटवली तरी तो अंगावर धावून जायचा. स्वतःची चूलसुद्धा त्यानं जाळीपासून लांब, वाहून आलेल्या ओंडक्याच्या आडोशाला नेली. जनावरं फिरकू नयेत म्हणून ती विझू मात्र देत नव्हता.

आणि भरदुपारी चोर आलेच. चौघांनी त्याला बेदम मारलं, जाळी फाडली, वाळू उपसली आणि अंडी घेऊन पसार झाले.

निरोप मिळताच बाई आल्या. तो खड्ड्याशी बसून ढसाढसा रडत होता, बायको शेजारी त्याच्या जखमा पुसत होती.

"बाई, तुम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही मला."

बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या चक्क हसत होत्या. "बदकाची अंडी नेली हो त्यांनी!"

"आँ?"

"खरी मी जाळी ठोकायच्या आधीच, पहाटे हलवली, पलीकडे पुरली. तुम्हालाही सांगितलं नाही. मार खाताना तोंडून निघालं असतं तर? रागावू नका."

रागावतोय कसला! त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "म्हणजे आहेत? सुखरूप?"

"आजउद्या फुटतील. चला, दाखवते."

"ये गं, तूही बघ!" त्यानं बायकोला हाक मारली आणि लंगडत लंगडत बाईंच्या मागं निघाला. आनंदानं त्याला दुखणंही जाणवत नव्हतं.

ओंडक्याला वळसा घालून बाई पलीकडे गेल्या आणि जागीच थबकल्या.

"इथं चूल कुणी मांडली?"