घासलेली नळी

रायफलची नळी आतून घासून घ्यावी की नाही, यावरून नेमबाज बायकोने रोज जेवताना नवऱ्याचं डोकं खाल्लं होतं. शेवटी बंदुका दुरुस्त करणाऱ्या काकांनी तिला नफा-तोटा रोखठोक सांगितला. "घासली तर नळी गुळगुळीत होईल, साफ करायला सोपी जाईल. पण गोळीला फिरकी देणारे आतले पीळ जरा जास्त झिजले, तर नेम कायमचा गेला म्हणून समज. तुझी चांगली चाललीय ना पोरी, मग कशाला हात लावतेस?" तिला पटलं. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

निवडस्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी नवरा दारातच छाती फुगवून उभा होता. "तुझी डोकेदुखी मिटवली बघ. दुपारभर घाम गाळून नळी घासून ठेवलीय!"

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिने घाईघाईने नळीमागचा बोल्ट काढला आणि नळी दिव्यासमोर धरून आत डोळा लावला. पीळ जसेच्या तसे, धारदार.

"अरे, घासलीस तरी कुठे?"

"ही काय! भांड्यांच्या तारेच्या घासणीने. किती काळी पडली होती! आता कशी चांदीसारखी दिसतेय."

नळीचा बाहेरचा, कारखान्यातून आलेला काळा रंग पार खरवडून निघाला होता. तिने हसत हसत तिथेच बसकण मारली. लग्न झाल्यापासून ती त्याला एकाच गोष्टीवरून टोचत आली होती, की तुझं प्रत्येक काम वरवरचं. आज त्याच वरवरपणाला तिने मनापासून हात जोडले.