उंबऱ्याबाहेरचे हातमोजे

मालनने सुईत दोरा ओवला मात्र, आजी कडाडली, "गो चेडवा! घरात देवी इली आसा नि सुई काढतंस? तिच्या आंगाक टोचता ती!"

रघूला कांजिण्या आल्या होत्या. मालनचा हा दोन वर्षांचा भाऊ आजीच्या मांडीवर नुसता वळवळत होता. आई मिलमध्ये. सकाळपासून आजीने त्याचे दोन्ही हात धरून ठेवले होते. मघाशी तांब्या उचलायला तिने एक हात सोडला, तेवढ्यात त्याने भुवईजवळचा फोड नखाने ओरबाडला. रक्त आलं. त्याच्या खालचा फोड तर पापणीवरच होता.

"तुझे हात दुखून सुटले की हा डोळाच ओरबाडणार," मालन म्हणाली. "हातमोजे झालेच पाहिजेत!"

खाली लालबागच्या रस्त्यावरून रोज संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे जात. तिनेही तशीच मूठ वर केली. गॅलरीतल्या पोरांना तेवढंच पुरे. "मुंबईसह हातमोजे झालेच पाहिजेत!" सगळा मजला दुमदुमला.

आजी हसली नाही. "देवी जाईसर ह्या घरात सुई चलाची नाय."

"ह्या घरात ना?" जुनं पोलकं, कात्री, खडू, सुईदोरा उचलून मालन उंबरा ओलांडून गॅलरीत जाऊन बसली. "बघ. आता घरात सुई नाही."

शेजारच्या सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. "वकीलच की हो तुमची नात!"

आजीने रघूचे हात आणखी घट्ट धरले.

पण माप कसं घ्यायचं? रघू आत, सुई बाहेर. "आजी, त्याला उंबऱ्याशी आण. मूठ बाहेर काढ त्याची." मालनने फर्मावलं आणि पुटपुटत का होईना, आजीने ऐकलं! उंबऱ्यावरून इवलीशी मूठ बाहेर आली. मालनने तिच्यावर कापड गुंडाळून पाहिलं, खडूने खूण केली, कात्री चालवली. बोटं नाहीत, अंगठा नाही. नुसती पिशवी, मनगटाला नाडी.

"अगं, उलटं शिवलंस," सुंदराबाई वाकून म्हणाल्या. "शिवण बाहेर राहिली."

"उलटंच हवं. आत टोचली तर काढून फेकेल तो."

दोन्ही मोजे चढले. नाड्या बांधल्या.

"सोड आता."

आजी सोडेना.

"सोड गं आजी."

आजीने हात सोडले. रघूचे दोन्ही पंजे झटक्यात तोंडावर गेले. त्याने गाल घासला, कपाळ घासलं, पापणीवर मऊ मऊ थापट्या मारल्या. फोड जिथल्या तिथे. मग त्याने ते दोन गोळे एकमेकांवर आपटले आणि खदखदून हसला.

मालनने अशी उडी मारली, की सुंदराबाईंचं सूप कलंडलं.

आजीने रघूला गोधडीवर बसवलं. आपली मनगटं चोळली. मग उठली, उंबरा ओलांडून मालनशेजारी येऊन टेकली आणि पोलक्याची उरलेली बाही पुढ्यात ओढली.

"ह्यो जोड धुवूक गेल्यावर काय घालशीत? तुझे टाके लांब पडतत. दी माका ती सुई."