पांढरी बट

तोंड धुवायला मुलीनं डोक्यावरचं फडकं सोडलं, आणि ताकाचं भांडं पार्वताबाईंच्या हातात तसंच राहिलं. मुलीच्या कपाळाच्या बरोबर वर, काळ्याभोर केसांत, दोन बोटं रुंद पांढरी बट होती.

अमरावतीच्या कापूस बाजारात गाड्यांची रीघ लागली होती. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटल्यापासून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गावोगावचे गाडीवान येत आणि पार्वताबाई त्यांना ताक पाजत. लोक म्हणत, बाई पुण्य करून राहिली. पार्वताबाईंना पुण्य नको होतं. ताक पिणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच विचारत, डोक्यावर पांढरी बट असलेला माणूस कुठं दिसला का?

त्यांचा एकुलता एक मुलगा जानराव घर सोडून गेला त्याला दहा वर्षं होत आली होती. भर बाजारात बापानं त्याच्या थोबाडीत मारली होती. विशीतला पोरगा. तसाच चालू लागला. भगवंतरावांनी त्यानंतर त्याचं नाव घरात कुणाला घेऊ दिलं नाही. "तो मेला," एवढंच म्हणाले.

ती बट त्या घराण्याचीच होती. सासऱ्यांना होती. भगवंतरावांना होती, आता सगळेच केस पिकल्यामुळं दिसेनाशी झाली होती. जानरावला होती. धाकट्या दिराला मात्र नव्हती, आणि त्याच्या पाच लेकरांत एकालाही नव्हती. सासूबाई जिवंत असताना सांगत, की ज्याच्या डोक्यावर हाये त्याच्याच पोरांत ती येते, तीही साऱ्यांत नाही; आणि एकदा हुकली की त्या फांदीला पुन्हा फुटत नाही. काळ्या केसांच्या सुना आल्या म्हणून ती कधी फिकी पडली नाही. दुधात पाणी मिसळतं तशी ती मिसळत नसे. यायची तर पुरती, नाही तर मुळीच नाही.

मग ही पोर कुणाची?

मुलीची आई गाडीच्या सावलीला बसली होती. रुख्मिणी तिचं नाव. वलगावच्या भावाकडं चार दिवस माहेरपणाला आली होती, त्याच्याच गाडीवर बाजार पाहायला निघाली होती. तिचे केस काळे, भावाचेही काळे. पार्वताबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, ही बट तुमच्याकडची का?

"नाही जी," रुख्मिणी म्हणाली. "हिच्या बापाकडची हाये."

पार्वताबाई खाली बसल्या. बापाचं नाव विचारल्यावर रुख्मिणी लाजली. नवऱ्याचं नाव बायकोनं कसं घ्यायचं? भाऊ बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. सुभद्रेला, म्हणजे त्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा."

मग हळूहळू कळत गेलं. घर मूर्तिजापूरला होतं. तो कापसाच्या धंद्यात होता, सदा फिरतीवर, महिन्यामहिन्यानं घरी यायचा. बापाचाच धंदा धरला पोरानं, पार्वताबाईंच्या मनात आलं. इतक्या जवळ होता!

"त्याची माय?" त्यांनी विचारलं.

"माय गेली म्हनते. लय वर्सं झाली."

बापानं त्याला मेलेला ठरवलं, त्यानं आईला. इतका राग धरला होता त्यानं, आणि तो राग पार्वताबाईंना खरा वाटला. त्यांनी सुभद्रेला मांडीवर घेतलं. जानरावच्या हनुवटीला खळी होती, पार्वताबाईंच्या वडिलांसारखी. पोरीच्या हनुवटीला ती नव्हती. चेहऱ्यात आपलं काही सापडतं का म्हणून त्या शोधत राहिल्या. नाही सापडलं. पण बट होती, तेवढी पुरे होती.

आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर तो पुन्हा कुठंतरी निघून गेला असता. तो घरी कधी असतो, एवढं विचारून घेतलं. संक्रांतीला नक्की येतो, रुख्मिणी म्हणाली.

भगवंतरावांनाही त्या काही बोलल्या नाहीत. आधी पोराला डोळ्यांनी पाहायचं, मग त्याला हाताला धरून बापापुढं उभं करायचं, असं ठरवलं. रोज संध्याकाळी त्या मनातल्या मनात त्याच्याशी बोलत. तो कसा दिसत असेल, जाड झाला असेल का, अजून तिखट खात असेल का. संक्रांतीच्या सुमाराला भगवंतरावच कापसाच्या गठाणींच्या सौद्यासाठी अकोल्याला निघाले, तेव्हा पार्वताबाईंना देवच पावला. तिळाचे लाडू बांधून, गड्याला दमणीला बैल जुंपायला सांगून त्या मूर्तिजापूरला गेल्या.

रुख्मिणीनं ओळखलं, पाट दिला. लिंपलेलं अंगण, दाराशी झेंडू. पोराचा संसार पाहून त्यांचा ऊर भरून आला. आता लपवायचं कशाला?

"पोरी," त्या म्हणाल्या, "मी त्याची माय हाये."

रुख्मिणी त्यांच्या पायावर कोसळली. रडत म्हणाली, मग ते माय गेली असं काहून सांगत होते? पार्वताबाईंनी तिला उठवलं, रागानं माणूस काहीही बोलतो म्हणून समजावलं. रुख्मिणी डोळे पुसून त्यांच्या चेहऱ्याकडं पाहू लागली, आणि जरा जास्तच वेळ पाहत राहिली. काही विचारणार होती ती. तेवढ्यात बाहेर बैलांचे घुंगरू वाजले.

सुभद्रा "बाबा, बाबा" करत धावली.

पार्वताबाई उभ्या राहिल्या. दहा वर्षं घोळवलेलं बोलणं एका क्षणात विसरलं. त्यांनी नुसते दोन्ही हात पुढं केले. अंगणात कुणीतरी पोरीला कडेवर उचललं, पागोटं काढून तिच्या डोक्यावर घातलं, आणि तिचं हसणं ऐकत, पिकल्या केसांचं डोकं चौकटीखाली वाकवून आत आलं.

पार्वताबाईंनी हात मागं घेतले आणि पदर कपाळावर ओढून घेतला, भगवंतरावांसमोर रोज घेत तसा.