गाळातली रांग

धक्का सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती, तोच विब्केने बोटीचा वेग उतरवला आणि आवाजाचं यंत्र पाण्यात सोडायला सांगितलं.

"इथे काय मिळणार?" हिनरिखकाका म्हणाले. चौऱ्याण्णव वर्षांचे, फोटो निघणार म्हणून ठेवणीतली टोपी घालून आलेले. युद्धानंतर उरलेला दारूगोळा ल्यूबेकच्या उपसागरात बुडवणाऱ्या कोळ्यांपैकी हे एकटेच हयात. म्हणून तो माल शोधायला निघालेल्या या बोटीवर जागा दाखवायचा मान त्यांचा. "आम्ही सगळा माल पार त्या तरंगत्या पिवळ्या बोयापाशी टाकला. चल पुढे, पोरी."

"जाऊ की. तुम्ही हेरिंग माशाचा पाव खा."

यंत्र टकटक करू लागलं. आवाज खाली गाळात शिरायचा आणि काही आडवं आलं की परत फिरायचा. पडद्यापाशी बसलेल्या टोम्केने एक ठिपका दाखवला. मग दुसरा. मग रांगच लागली, थेट बंदराच्या तोंडापासून, चालत्या बकरीने लेंड्या टाकाव्यात तशी.

"दगड आहेत," काका म्हणाले.

"दगड ठक् करून गप्प बसतो, आजोबा," टोम्केने सांगितलं. "लोखंड घुमत राहतं. हे सगळे घुमताहेत."

काकांनी पाव खाली ठेवला. "थंडी असायची. पैसे खेपेवर. बोयापर्यंत कोण मरायला जातंय? सगळेच वाटेत टाकायचे."

"सगळेच," विब्के म्हणाली. "साक्ष मात्र तुमची एकट्याची."

सदुसष्ट साली तिच्या बापाच्या, ब्रोडरच्या, जाळ्यात इथेच एक गोळा आला आणि बोटीवर फुटून त्याचा जीव गेला. चौकशीत काकांनी शपथेवर सांगितलं, इथे गोळा असूच शकत नाही. ब्रोडर हावेपोटी बोयापाशी, बंदीच्या हद्दीत जाळं टाकून आला असणार. समुद्राने नेलेल्यांची नावं गावच्या चर्चमध्ये पाटीवर कोरतात. बंदी मोडून मेला म्हणून ब्रोडरचं कोरलं नाही.

"कोरू आता," काका घाईने म्हणाले. "पाद्रीबुवांना मी सांगतो. आजच सांगतो."

"कोरतील. त्याला तुम्ही नकोत, हा पडदा पुरे."

टोम्केने मान वर केली. "रांगेला नाव द्यावं लागतं. सागरी नकाशावर तेच छापतात. कप्तानाने सुचवायचं."

"हिनरिख स्ट्यूव," विब्के म्हणाली.

काका हसले. आणखी कुणी हसत नाही, हे जरा उशिराच त्यांच्या ध्यानात आलं.

"अगं, माझा नातू याच बंदरातून बोट काढतो. उद्या त्याची पोरं काढतील."

"मग त्यांना नकाशा वाचायला शिकवा, काका. त्या नावाजवळ जाळं टाकायचं नाही, एवढं कळलं तरी जगतील."

टोम्केची बोटं घुटमळली. विब्केने मानेनेच होकार दिला.

नाव पडद्यावर उमटलं. विब्केने चाक फिरवलं आणि बोट त्याला लांबून वळसा घालून निघाली.